गोरेगावचं इंजिन आणि अक्काचा गॅस

"विहिरीवर इंजिन येऊन राहिलंय, पाहायला या," असा दाजींचा निरोप आला आणि मी अकोल्याहून निघाले. सत्तरचं दशक सरत आलं होतं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती.

मीटरगेजच्या गाडीत पांढरी साडी नेसू नये, कोळशाच्या काजळीनं वाट लागते. हिंगोली स्टेशनाबाहेर भजी खाल्ली आणि गोरेगावची एसटी धरली. गाड्या मोजक्याच, तेव्हा सकाळीच पोचलेलं बरं. रस्ता खडीचा, पण दोन्हीकडे हुरड्यावर आलेली ज्वारी.

दाजी "जयभीम" म्हणत पुढे आले. मोट हाकून हाकून त्यांची कंबर गेली होती. माझी थोरली बहीण, अक्का, भाकरी थापत होती आणि घरात धूर नव्हता! तिनं हट्टानं गोबरगॅस बसवून घेतला होता. बटण फिरवलं की निळी ज्योत.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर डिझेल इंजिन सुरू झालं. काळा धूर ओकला, पण मोटेचं पाणी कधी न पोचलेल्या वाफ्यांत पाणी खेळलं. अक्कानं ओंजळ भरून तोंडावर मारली. सगळे हसलो.

दुपारी गिऱ्हाईक येऊन गोठ्यातली दावी सोडू लागलं. इंजिनापायी दाजींनी चारही जनावरं विकली होती. अक्काला तेव्हाच कळलं.

"शेनाबिगर गॅस कसा चालंल? दोन तरी ठेवा."

"कडबा कुठून आनू? माही कंबर दिसून न्हाई राहिली का तुला?"

"दिसते. म्हनून तर चार न्हाई, दोन म्हन्ते."

दाजींनी उरलेलं दावं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. विसाराचे आगाऊ पैसे घेऊन झाले होते.

निघताना अक्का एसटीपर्यंत आली. म्हणाली, "खड्ड्यात हाय तेवढं शेन पंधराएक दिवस पुरंल. मंग चूल. पानी आलं, त्याचा राग न्हाई मला. पन काहून इचारलं न्हाई?"

घरी यजमानांनी विचारलं, "कसं आहे इंजिन?"

"छान आहे," म्हटलं. ते खरंच छान होतं.

डिझेल-कोळसा कमी करायचा की शेतं-कारखाने वाढवायचे, यावर आता रोज वाद ऐकते. तेव्हा असे शब्द आमच्याकडे नव्हते. पण दोन्हींचा मेळ घालायची बोलणी त्या गोठ्यात सुरू झाली होती, आणि तिथेच थांबली, याची हळहळ अजून वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का माझ्याकडे आली. "डिझेल मिळंना, फेऱ्या मारून थकले तुमचे दाजी," ती म्हणाली. "आता म्हन्तात, दोन म्हशी घेऊ, गॅस चालू करू. पन गॅसची लोखंडी टाकी पार गंजून गेली."