आत्याच्या कादंबरीत कोणी मरायचं नाही

माझी आत्या वेडी होती.

आमच्या राहनाळ गावात सगळे असंच म्हणायचे. तोंडावर कोणी म्हटलं तर आत्या म्हणायची, "माझी गोळी चालू हाय. तुमची?"

आज तिला जाऊन वर्ष झालं.

लग्नानंतर दोन वर्षांत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. डोकं फिरलंय म्हणाले. त्याआधी वज्रेश्वरीच्या कुंडात आंघोळी झाल्या, भगत झाला. डॉक्टर मात्र कोणाला सुचला नाही. तो तिने स्वतः शोधला. एकटीने, एसटीने ठाण्याला जाऊन!

पुढे ती गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. जेवणाच्या सुट्टीत बायकांना वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्या वाचून दाखवायची.

त्या कादंबऱ्यांत बायकोचं डोकं बिघडलं की ठरलेलं. माडीवर कोंडायची, नाहीतर विहिरीत जायची. मग नवऱ्याचं दुसरं लग्न.

पण आत्या वाचायची तेव्हा कोणी मरायचं नाही. नायिका डॉक्टरकडे जायची, गोळ्या घ्यायची, आणि बरी होऊन नवऱ्याला चांगलं सुनावायची.

एकदा गोडाऊनमध्ये तिच्याकडून ऐकलेलं पुस्तक मी घरी वाचलं आणि भडकले.
"अगं आत्या, ही तर मरते! तू चक्क खोटं वाचतेस?"

"लिवणाऱ्याला गोळी म्हाईत नव्हती. मना म्हाईत हाय. मंग मारू कशाला तिला?"

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. शहाणी ना मी!

मग माझं लग्न झालं, मुलगी झाली.
आणि माझं रडू थांबेना. बाळाकडे बघवेना. जगावंसं वाटेना. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे, भगताला बोलवा.

तेवढ्यात शेजारच्या कमळमावशी आल्या. आत्याच्याच गोडाऊनमधल्या.
"काय न्हाय होत गं! त्या पुस्तकातल्या बाईला हेच झालेलं. गोळ्या घेऊन ठणठणीत झाली. थांब, तुझ्या आत्याला फोन लावते."

तासाभरात आत्या दारात. बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि मला म्हणाली, "चप्पल घाल. एसटी सुटंल."

मुलगी आता सहा वर्षांची आहे. मी बरी आहे. कमळमावशींना पुस्तकातला खरा शेवट मी अजून सांगितलेला नाही, सांगणारही नाही.

आत्या, मला तुझा लय अभिमान वाटतो गं.

तुझ्या वेड्या भाचीचा नमस्कार.