नीरेची करवंटी

आमच्या मागच्या पडवीत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तार ओढलेली आहे. धुणं वाळत घालायला. तिच्यावर आता कुणी धुणं घालत नाही, आणि ती काढून टाकणं माझ्याच्याने होत नाही.

घोलवडला आमची चिकूची वाडी. त्या माघात बायकोला सातवा लागला होता. डहाणूहून गुजराती डॉक्टर घरी येऊन गेले. जाताना मला अंगणात गाठून म्हणाले, "बेनला खाटेवरून उठू द्यायचं नाय. मागच्या वेळचं लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं. आदल्या चैत्रात तिला पाचवा होता. पोटातलं सुखरूप राहावं म्हणून विवळवेढ्याच्या देवीचं दर्शन घडवायचंच, असं माझ्या मनाने घेतलं. आमच्याकडेच राहणारी माझी आत्या नको म्हणाली. बायकोही म्हणाली, "आपण इथूनच हात जोडू या." मी बैलगाडीत गवत अंथरलं, त्यावर दोन गोधड्या घातल्या आणि तिला बसवलं. परतताना त्या गोधड्या भिजल्या. पोरगा होता, असं आत्याने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

तर या खेपेला तिची खाट मागच्या पडवीत टाकली. समोर जास्वंद, त्यामागे चिकूची झाडं. ती तासन्‌तास त्या झाडांकडे बघत पडायची आणि काही विचारलं तर हो-नाही एवढंच. एके सकाळी जास्वंदीवर एक पाखरू आलं. अंगठ्याएवढं, वाकड्या बारीक चोचीचं, उन्हात आलं की निळंकाळं चमकणारं. आमच्याकडे त्याला कुणी फुलचुखी म्हणतात, कुणी शिंजीर. बायको कोपरावर उठली.

"अहो, ते बघा."

कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन बोलली होती. मला तेवढंच पुरलं.

आमच्या बांधावरच्या शिंदीला नीरेसाठी बांधलेल्या मडक्यावर ही पाखरं सकाळी सकाळी टपलेली असतात, हे मला ठाऊक होतं. शिंदी छेदणाऱ्याकडून मी रोज उजाडताना तांब्याभर नीरा घेऊ लागलो. करवंटीला तीन भोकं पाडून काथ्याने टांगली, बसायला आडवी काडी लावली, कडेला जास्वंदीचं फूल खोचलं. आधी ती लांबच्या चिकूला टांगली. पाखरं पिऊ लागली तशी जास्वंदीवर आणली, मग पडवीच्या खांबावर. तिला खाटेवरून नीट दिसावं म्हणून.

नीरा दुपारपर्यंत आंबते. मी चिकूच्या पॅकिंगमधून जेवायला यायचो तेव्हा उरलेली खांबाच्या बुंध्याशी ओतून टाकायचो, करवंटी विसळायचो आणि पुन्हा धावायचो. हंगाम जोरात होता, रेल्वेला करंड्या वेळेवर चढवाव्या लागत.

आत्या म्हणायची, "घरच्यांना कोरा चहा आणि पाखरांना नीरा! अरे, दारूबंदी आहे. पाखरं झिंगून पडली तर पोलीस तुलाच धरतील." बायको हसली. तिचं हसू ऐकून आत्याही रोज काहीतरी नवं काढू लागली.

मग मादीने पडवीतल्या तारेवरच घरटं बांधायला घेतलं, खाटेच्या पायथ्यापासून जेमतेम हातभर. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, कापूस. वरवर पाहिलं तर वाऱ्याने अडकलेला कचरा वाटावा, असं लोंबतं घरटं. बाजूला भोक, भोकावर छोटीशी वळचण. बायको मला रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याच गोष्टी सांगायची. आणि एकदा म्हणाली, "ही पिल्लं उडाली ना, की आपलंही सुखरूप होईल."

असं बोलू नये, असं तरी मी तेव्हा म्हणायला हवं होतं. त्याऐवजी, मादीला लांब जावं लागू नये म्हणून, मी करवंटी आणखी जवळ आणली.

पिल्लांचा आवाज येऊ लागला त्या दिवसांत आत्या एकदा खांबापाशी थबकली. "हे काय रे? इथे आंबूस वास कसला?" मी वाकून पाहिलं. बुंध्याशी माती काळी, चिकट झाली होती. आणि चिकूवर पानं शिवून घरं करणाऱ्या त्या लाल मुंग्या, एकामागे एक, खांबावर चढत होत्या. वाट मीच ओतून करून दिली होती.

करवंटी काढली. खांब कढत पाण्याने धुतला. तासाभरात मुंग्या पडवीच्या वळचणीला टेकलेल्या फांदीवरून आल्या, तारेच्या दोन्ही टोकांनी. आमच्या स्वयंपाकघरात फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असतात. तारेला कुठले पाय? मी दोन फडकी रॉकेलमध्ये बुडवली आणि दोन्ही टोकांना घट्ट बांधली. मुंग्या थांबल्या. मी निश्चिंत मनाने स्टेशनवर गेलो.

परत आलो तेव्हा बायको उठून बसली होती. बसायची मनाई होती.

"ती आली नाही."

"येईल."

"तुम्ही गेल्यापासून नाही आली. तारेपर्यंत येते, ते फडकं हललं की मागे फिरते."

पडवीभर रॉकेलचा वास भरला होता. घरट्यातला आवाज बारीक झाला होता. मी फडकी सोडली, तार पुसली. मुंग्या जणू तेवढ्याचसाठी थांबल्या होत्या. मग मी तारेपाशी उभा राहून त्या बोटांनी चिरडू लागलो. त्या चावत होत्या, हात सुजत होते, आणि मला वाटत होतं की आता मी काहीतरी योग्य करतोय. जास्वंदीवर मादी चोचीत अळी धरून टिवटिवत होती.

"तुम्ही बाजूला व्हा," बायको म्हणाली.

"अगं, मुंग्या—"

"तुम्ही उभे आहात म्हणून ती येत नाहीये."

"आणि मी हललो तर?"

ती एक हात पोटावर धरून होती. स्वयंपाकघराच्या दारातून आत्या म्हणाली, "अरे, एकदा तरी तिचं ऐक."

मी आत गेलो आणि दाराच्या फटीतून बघत राहिलो. मादी आली, भोकात डोकं घालून गेली, पुन्हा आली. तारेवरची लाल रेघ हळूहळू पुढे सरकत होती. पुन्हा बाहेर जाऊ नये म्हणून मी दाराची कडी धरून ठेवली. अंधारून आलं आणि काहीच दिसेनासं झालं.

सकाळी भोकातून एक डोकं बाहेर आलेलं होतं. एकच. मुंग्या तारेवरून परत चालल्या होत्या, काहीतरी वाहून नेत. बायको जागीच होती. केव्हापासून, ते मी विचारलं नाही. पुढे ते एक पिल्लू उडालं, तेव्हा ती म्हणाली, "गेलं." सुखरूप हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. वैशाखापर्यंत, रोज संध्याकाळी तिचा हात पोटावर जायचा आणि ती काही हलतंय का बघायची, तेव्हा मी पडवीत थांबत नसे.

मुलगी झाली. आता शाळेत जाते. परवा तिला ताप होता, साधाच. मी उशाशी बसून कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत होतो, आणि दर घडीला तिची झोप मोडत होती. बायको दारात येऊन उभी राहिली. मी उठलो, मागच्या पडवीत गेलो आणि खांबाच्या बुंध्याशी वाकलो. एक लाल मुंगी वर चढत होती. तिला मारायला बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. ती कुठे जाते ते बघत उभा राहिलो.