हातात विळा घेऊन फिरायला

किन्हीराजा गावच्या सोजरबाईंनी सत्तेचाळीस वर्षांत कधी व्यायाम केला नव्हता आणि त्याची गरजही पडली नव्हती. निंदण, वेचणी, सोंगणी, डोक्यावर भारा, एवढं पुरेसं होतं. मग वावरात तणनाशक आलं, सोंगायला कापणीयंत्र आलं आणि घरात मुलाची, पवनची, बायको वर्षाराणी आली. सून आली की सासूनं बसून खायचं, हा आमच्याकडचा मान. सोजरबाईंनी तो तीन वर्षं मनापासून उपभोगला. पुढं तळपाय जळजळायला लागले, तेव्हा वाशीमच्या डॉक्टरनं रक्त तपासून शुगर तीनशेच्या वर सांगितली. गोळ्या घ्या, पायांना जपा, शुगरमध्ये जखम झाली तरी दुखत नाही, रोज पाऊण तास चाला, तीन महिन्यांत उतरली नाही तर इंजेक्शन.

इंजेक्शनला सोजरबाई घाबरल्या नाहीत, गावाला घाबरल्या. शुगर म्हणजे बसून खाणाऱ्यांचा रोग, असं त्यांनीच चारचौघींत शंभरदा म्हटलेलं. आता कोणत्या तोंडानं सांगणार? नवरा दौलतराव, मुलगा आणि सून, एवढ्यांनाच माहीत होतं.

त्यात आमच्या गावात बाईला नुसतं चालता येत नाही. पुरुष निघाला तर पाय मोकळे करतो. बाई निघाली तर दहाजण विचारतात, कुठं चालल्या? मला याचा फार राग येतो, पण विचारणाऱ्यांत मीही असते. सोजरबाईंनी यावर तोड काढली. उजाडलं की हातात विळा, काखेत रिकामं पोतं. कोणी हटकलं की "गवताले." वावरापर्यंत ताडताड जायचं, म्हशीपुरतं गवत कापायचं आणि परत. महिन्याभरात शुगर दोनशेवर आली.

पण शेजारच्या गोमतीबाईंना हे बघवेना. पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी जाहीर केलं, "सून घरात लोळून राह्यली अन् सासू गवत कापून राह्यली." ही गोष्ट थेट मंगरूळपीरला वर्षाराणीच्या माहेरी पोचली. आईचा फोन आला, आई रडली. सासूसाठी रोज वेगळी ज्वारीची भाकर थापणारी ही पोर दोन दिवस टाकीवर पाण्यालाही गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सासूच्या हातातला विळाच काढून घेतला.

"आई, मीच जातो गवताले. तुमी घरी ऱ्हा."

सोजरबाई चार दिवस घरी बसल्या. चालावं तर सुनेचं नाव खराब, बसावं तर शुगर वर. तळपाय पुन्हा जळू लागले. पाचव्या दिवशी नळाच्या वेळेला त्या टाकीवर गेल्या. आम्ही सगळ्याच तिथं होतो.

"गोमतीबाई, मले शुगर हाय," त्या म्हणाल्या. "तीनशे होती. सुनेनं नाही, डॉक्टरानं हाकललं मले. माह्या सुनेले काहून बोल लावता? खोटी मीच. फिरतो म्हणाची लाज वाटे म्हणून विळा धरला."

मला वाटलं, आता जुंपणार. पण गोमतीबाईंनी अर्धी भरलेली बादली उचलली आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई मोकळ्या हातानं निघाल्या. वळणावर गोमतीबाई उभ्या होत्या.

"मलेबी हाय," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाले. गोया तांदुयाच्या डब्यात लपवतो. याद आली तं खातो."

मग त्यांनी चपलेतून उजवा पाय काढला. अंगठा काळानिळा पडला होता, नखाखालून पाणी येत होतं.

"माय वं! कवाचं हाय हे?"

"पोयाच्या दिवशी काटा भरला होता."

पोळा श्रावणातला, आता दिवाळीही होऊन गेली होती.

"अन् दुखत नाही?"

"नाही ना. दुखतच नाही. म्हणून तं कोणाले दाखोलं नाही."

सोजरबाईंनी त्यांचा हात धरला. त्या दिवशी त्यांचं चालणं झालं नाही. दोघी पहिल्या बसनं वाशीमला गेल्या.