बावन्न नंबरचा गुडघा

माझ्या मुलीचा गुडघा कधीच दुखत नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या गुडघ्यावरून झालं.

ती बर्मिंगहॅममधल्या बायकांच्या एका टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळते. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर कासवाच्या पाठीसारखे पॅड, पाठीवर बावन्न नंबर. आठवडाभर कौन्सिलच्या ऑफिसात गटारांचे नकाशे बघते आणि रविवारी मैदानावर धडधाकट बायकांना आडवं करते. मी रेल्वे सिग्नलची ड्रॉइंग्ज तपासतो. इतके उन्हाळे मैदानाच्या कडेला उभं राहूनही मला हा खेळ कळलेला नाही. एवढंच कळतं की ती लाइनबॅकर आहे. म्हणजे आपल्या पुढच्या रांगेच्या मागे मधोमध उभं राहायचं, समोरची बॉल घेऊन कुठून घुसणार ते ओळखायचं आणि तिला तिथेच धरून पाडायचं. कबड्डीत चढाईला आलेल्याला मधून धरतात, तसंच काहीसं. आमच्या टीममध्ये या जागेला दोघी आहेत आणि मॅच सुरू होताना उभी एकच राहते. दुसरीचा नंबर चव्वेचाळीस.

मॅच एका रग्बी क्लबच्या मागच्या मैदानावर होतात. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप, मैत्रिणी आणि कुणाचातरी कुत्रा. त्यांच्यातले दोघे कायमचे. एक आमच्या कोचचे वडील, निवृत्त बस ड्रायव्हर. घडीची खुर्ची आणि थर्मास घेऊन सगळ्यांच्या आधी येतात. दुसरी चव्वेचाळीस नंबरची मावशी, गळ्यात टीमचा स्कार्फ, आवाज पलीकडच्या पार्किंगपर्यंत पोचणारा. मी घरचा चिवडा घेऊन जातो. त्याला ते बॉम्बे मिक्स म्हणतात आणि मी ते दुरुस्त करत नाही.

मँचेस्टरला होणाऱ्या सेमीफायनलच्या आधीच्या रविवारी त्या दोघांची जुंपली होती. बोलणं अर्थातच त्यांच्या बर्मिंगहॅमच्या इंग्रजीत (तिथे बाईला लाडाने बॅब म्हणतात, पुरुषाला मेट), मी मराठीत लिहितोय.

"चव्वेचाळीस उशिरा निघते, पण चुकत नाही," मावशी म्हणाली.

"उशिरा? अगं बॅब, ती निघेपर्यंत मी बस डेपोत लावून घरी जेवायला गेलो असतो."

"आणि तुमची ती बावन्न? सुटते गोळीसारखी आणि जाते भलतीकडेच!"

"जाते ना! कुठेतरी जाते तरी!" म्हातारा माझ्याकडे वळला. "तू सांग, मेट. तू बाप आहेस तिचा. मँचेस्टरला सुरुवातीला कोण पाहिजे, बावन्न की चव्वेचाळीस?"

मी म्हणालो, "छे छे, आमची कसली! आत्ता कुठे शिकतेय. चव्वेचाळीसच बरी."

आता आपल्याकडे याच्यानंतर काय होतं ते सांगायला नको. आपण आपल्या पोरांना एक पायरी खाली उतरवायचं आणि समोरच्याने लगेच दोन पायऱ्या वर चढवायचं. "अहो, असं काय म्हणता, किती हुशार आहे ती!" मग आपण ओशाळल्यासारखं हसायचं. सगळ्यांना ठाऊक असतं की कुणी खरं बोलत नाहीये. मी त्या उत्तराची वाट बघत उभा राहिलो. उत्तर आलंच नाही.

"बघा," मावशी म्हणाली, "बापच म्हणतोय."

म्हातारा हिरमुसला. "अरे, मी तुझ्या बाजूने भांडतोय आणि तू..."

तिथे गप्प बसायला हवं होतं. मी तसा कमी बोलणारा माणूस, पण हवं तिथे गप्प बसणं मला कधी जमलं नाही. ती शांतता भरून काढायला म्हणून मी म्हणालो, "तसा तिचा गुडघाही जरा कुरकुरतो."

म्हाताऱ्याने थर्मासचं झाकण खाली ठेवलं. "गुडघा? कुठला?"

"डावा," मी म्हणालो.

डावा का म्हणालो असेन? आजही कळत नाही. उजवा म्हणालो असतो तरी तितकंच खोटं होतं. पण डावा म्हटल्यावर ते एकदम खरं वाटायला लागलं, मलासुद्धा. घरी जाताना मी तिच्या चालण्याकडे बघत होतो.

म्हातारा दर रविवारी मुलीकडे जेवतो हे मला माहीत होतं. आणि ती मुलगी म्हणजे आमची कोच. रोस्ट आणि बटाट्यांबरोबर माझा डावा गुडघाही त्या टेबलावर गेला असणार.

गुरुवारी प्रॅक्टिसहून मुलगी थेट आमच्या घरी आली. बायको नुकतीच हॉस्पिटलच्या शिफ्टवरून येऊन चहा टाकत होती. मुलीने किटबॅग दारात टाकली आणि विचारलं, "बाबा, माझ्या गुडघ्याला काय झालं?"

मी टीव्हीकडे बघत राहिलो.

"कोच मला बोलली, नी दुखतोय तर रेस्ट कर, संडेला फॉर्टी-फोर स्टार्ट करेल. मी बोलली, कुठला नी? ती बोलली, युअर डॅड सेड. बाबा, तू का असं बोलला?"

बायको गॅस बंद करून बाहेर आली. "अहो, हिचा गुडघा कधी दुखला?"

"नाही दुखला."

"मग काहून म्हणालात तसं?"

"सहज," मी म्हणालो.

"सहज!" मुलगी म्हणाली. "सेमीफायनल आहे, बाबा. तू ऑलवेज असं करतो. ग्रॅज्युएशनला माझ्या प्रोफेसरला पण बोलला, लकी आहे ती, पेपर इझी होता."

ते मी खरंच म्हणालो होतो. ती चहा न घेताच गेली. बायकोने दोघांपुरताच चहा गाळला. मग म्हणाली, "आपल्या घरात दृष्टबिष्ट कुणी मानत नाही. मग तुम्ही कुणापासून लपवता पोरीला?"

 याचं अजूनही जे उत्तर देईन ते बरोबर असेल असं नाही. माझ्या वडिलांना ही सवय नव्हती. ते नागपुरात सूतगिरणीत होते. मी दहावीला वर्गात पहिला आलो तेव्हा त्यांनी वस्तीत सायकल थांबवून थांबवून माणसांना सांगितलं. जयंतीच्या मिरवणुकीत मला पुढे ढकलून म्हणाले, हा माझा पोरगा, गणितात याला कुणी हरवून दाखवा. मी लाजेने मेलो होतो. मग मी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलो. हॉस्टेलवर आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न काय असेल ते मला चेहऱ्यावरच दिसायचं. तिथे मी शिकलो. चांगले मार्क पडले की आपणच आधी म्हणायचं, पेपर सोपा होता, नशीब लागलं. माझ्याबद्दल उणं बोलायचं ते मीच बोलून टाकायचो, म्हणजे दुसऱ्याला काही उरत नसे. ते माझ्यापुरतं ठीक होतं. पण हिचं काय? हिच्या आडनावावरून या देशात कुणाला काही कळत नाही. म्हाताऱ्याला तर ते उच्चारताही येत नाही.

आणि हेही पूर्ण खरं नाही. मागच्या महिन्यात आमच्या टीममधली एक मुलगी गळपट्टीचं हाड मोडून मैदानावरून गेली. अँब्युलन्सचं दार लागलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, आपली नाही. दुसरा विचार आला, हिला कुणी बसवून ठेवलं तर बरं. मग तो डावा गुडघा माझ्या तोंडून सवयीने आला की मीच मुद्दाम तिला बसवून ठेवलं? मी रात्रंदिवस सिग्नल तपासणारा माणूस. तार कुठून निघून कुठे जाते ते मला कळतं. ही तार मला सापडली नाही.

रविवारी ती मिनीबसने गेली, मी गाडीने. बायकोची शिफ्ट होती. निघताना ती म्हणाली, "जाऊन सरळ सांगा त्या कोचला. इंग्रजी येतं ना तुम्हाला?" सबंध मोटरवेवर मी दोन वाक्यं घोकत होतो. माझ्या मुलीचा गुडघा ठणठणीत आहे. माझी मुलगी जास्त चांगली खेळते. पहिलं सहज म्हणता यायचं. दुसऱ्याला प्रत्येक वेळी जीभ अडखळायची. शिवाय ते खरं आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. खोटं निस्तरायला दुसरं खोटं तर बोलायला निघालो नाही ना, असं वाटून एकदा मी सर्व्हिसेसला, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर, गाडी वळवणार होतो.

मँचेस्टरला कोच हेल्मेटांच्या ढिगाजवळ एकटीच सापडली. मी पहिलं वाक्य म्हणालो.

"मला माहितीय," ती म्हणाली. "गुरुवारी तिला पळताना बघितलं ना मी."

"मग तिला सुरुवातीला..."

"नाही." तिने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "हे मी आधीच ठरवलं होतं. ती बॉल कुठे जातोय ते दिसायच्या आधीच धावते. दुसरी थांबून बघते. आज मला थांबणारी पाहिजे. पण या आठवड्यात तिच्या तोंडावर हे म्हणणं जड जात होतं. डॅडने गुडघ्याचं सांगितलं, मी तेच पुढे केलं. चूकच झाली माझी. पण आत्ता तिला सांगू नका, प्लीज. मी सांगेन."

म्हणजे तिची जागा माझ्यामुळे गेली नव्हती. मला हलकं वाटलं. मग हलकं वाटल्याची लाज वाटली, कारण माझी सुटका झाली होती ती मुलगी कमी पडली म्हणून. दुसरं वाक्य मी म्हणालोच नाही.

चव्वेचाळीसने सुरुवात केली आणि चांगली खेळली. माझी मुलगी हेल्मेट न काढता कडेला पाय आपटत उभी होती. दुसऱ्या हाफमध्ये कोचने तिला आत पाठवलं. पहिल्याच वेळी ती सुसाट सुटली आणि भलत्या बाजूला गेली. समोरच्या पोरीने मोकळ्या जागेतून बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. पण शेवटी शेवटी तिने एकीला असं काही धरलं की आवाज आमच्यापर्यंत आला. त्यानंतर त्यांना गुण मिळाला नाही. आम्ही थोडक्यात जिंकलो.

"बावन्न!" म्हातारा खुर्चीतून उठला. "फायनलला सुरुवातीपासून बावन्न!"

"मधल्या त्या घोळाचं काय? चव्वेचाळीस असती तर तो झालाच नसता!"

"आणि गुडघा तर झकास दिसला की, मेट."

दोघं माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, कोचला सांगितलं तसं यांनाही सांगून मोकळं व्हावं.

"गुडघ्याला काही झालंच नव्हतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

"का?"

"आमच्याकडे आपल्या पोरांबद्दल चांगलं बोलत नाहीत."

म्हातारा चिवडा चावत विचार करत राहिला. "मग काय वाईट बोलता?"

"थोडंसं. आणि समोरच्याने नाही म्हणायचं असतं."

"आम्हाला आधी सांगायचंस ना! मी नाही म्हणालो असतो."

"आमच्याकडे नवऱ्याबद्दल बोलतो आम्ही असं," मावशी म्हणाली. "पण तिथे कुणी नाही म्हणत नाही."

मी हसलो. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच मोठ्याने हसलो असेन.

परत येताना मुलगी मिनीबसमध्ये बसली नाही. माझ्या गाडीत आली, खांद्यावर बर्फाची पिशवी धरून. मँचेस्टरची घरं मागे पडली. मग ती म्हणाली, "बाबा, खरं सांग. बेटर कोण? मी का ती?"

पटकन "तू" म्हणून टाकावं असं वाटलं. तेही सवयीचंच झालं असतं, फक्त उलट्या दिशेचं.

"मला कळत नाही गं," मी म्हणालो. "खेळच कळत नाही. पण तू जरा आधी धावतेस का?"

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, कोचचं नाव निघणार आता. पण ती पुन्हा समोर बघायला लागली.

"धावते," ती म्हणाली. "ती थांबते. मला माहीत आहे. मॅचचा टेप बघितला ना मी, पंधरा वेळा. मीच कोच असती तर मी पण तिलाच घेतली असती."

"मग माझ्यावर एवढी चिडलीस ती?"

"चिडली, कारण तू बोलला. पण मग..." तिने बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मग फ्रायडेला ऑफिसमध्ये सगळे विचारत होते, व्हाय आर यू नॉट स्टार्टिंग? मी बोलली, नी. मिनीबसमध्ये पण बोलली, नी. इट वॉज अ गुड नी, बाबा. फायनलला पण तिलाच घेतील. तोपर्यंत दुखू दे ना त्याला."

मी गाडी डावीकडच्या लेनमध्ये घेतली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"मी आत्ताच सगळ्यांना सांगून आलो," मी म्हणालो. "गुडघ्याला काही झालंच नव्हतं म्हणून."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"कोचच्या वडिलांना. आणि चव्वेचाळीसच्या मावशीला."

"बाबा!" ती म्हणाली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते मला कळेना आणि विचारायचा धीर होईना. काहीतरी करायचं म्हणून मी वायपर लावले. काच कोरडी होती. ते करकरत राहिले, तरी मी ते लगेच बंद केले नाहीत.