सुनीताचा अर्ज

आमच्या आश्रमशाळेत प्रार्थनेला मुलांची एक रांग असायची, मुलींची एक. सुनीता मुलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहायची आणि प्रार्थना चालू असताना थोडी थोडी मुलींकडे सरकायची. संपेपर्यंत ती दोन रांगांच्या मधोमध आलेली असे. मग कुणीतरी तिला ढकलून परत आणायचं. हजेरीत तिचं नाव सुनील होतं. मीही तेव्हा तिला सुनीलच म्हणायचो.

ती गणितात हुशार होती. मला गणित सुटलं नाही की रडू यायचं. ती म्हणायची, "दिल्या, नंतर रड. आधी गणित मांड." तिला नर्स व्हायचं होतं. "नर्सला सगळे सिस्टर म्हणतात ना? मग कुणी विचारत बसणार नाही." त्यासाठी दहावी हवी होती.

आमच्या डोंगरातल्या गावांत होळीला नवस असलेले पुरुष बाईचा वेश घेऊन नाचतात. नववीत सुनीताही नाचली. पाहुणे म्हणून आलेल्या हेडसरांनी कौतुकाने तिच्यासोबत फोटो काढला. सुट्टीनंतर ती बांगड्या घालूनच शाळेत आली, तेव्हा तेच सर म्हणाले, "होळी सरनी. आते सोंग उतार." तिने बांगड्या उतरवल्या. केस मात्र वाढू दिले.

दहावीत तिने अर्ज लिहिला. मुलांच्या बाथरूमला कडी नाही, मुले दार उघडून हसतात, तरी मला मुलींच्या बाथरूममध्ये जाऊ द्यावे. खाली सही, सुनीता. हेडसरांनी तो अर्ज प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर तिलाच वाचायला लावला. मुलं हसली, मुलीही हसल्या. मग सर माझ्याकडे वळले, कारण मी मॉनिटर होतो.

"काय रे, कोणी दार उघडस का?"

दार उघडणाऱ्यांत मी नव्हतो. पण बाहेर उभं राहून हसणाऱ्यांत होतो. मी म्हणालो, "नाही सर."

"म्हंजे खोटा अर्ज!" सरांनी कात्री माझ्याच हातात दिली. सुनीता खाली बसली. मी तिचे वाढलेले केस मुठीत धरले. ती हळूच म्हणाली, "नीट काप. वाकडं झालं तर पुन्हा कापायला लावतील."

दुसऱ्या दिवशी ती घरी गेली. बोर्डाच्या पेपरला माझ्या पुढचा बाक रिकामा होता. मी पास झालो.

कॉलेजात आल्यावर मला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा कळला. मी तिला शोधत नंदुरबारला मिरच्या वाळत घालतात त्या पथारीवर गेलो. ती बायकांमध्ये बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. त्या तिला सुनीताच म्हणत होत्या. मी तिला सगळं घाईघाईने सांगितलं. शाळेला तुझ्याशी असं वागता येत नव्हतं, आताही बाहेरून दहावीला बसता येतं, फॉर्म मी भरून देतो. तिचे हात चालूच होते.

"तेव्हा होता का रे हा कायदा?"

"होता."

"मला कुठे माहीत होता," ती म्हणाली. "तू तर समोरच उभा होतास."