काचेच्या काठावरची बोटं

हे मी आजवर टाळत आलो. भिवाचं नाव निघालं की मी द्राक्षांवर बोललो, थंडीवर बोललो, नाहीच काही सुचलं तर स्वतःच्या गुडघ्यांवर बोललो. पण परवा आग्रा रोडने चालताना एका गॅरेजमधून तो वास आला आणि पाय आपोआप थांबले. ताज्या प्रायमरचा आणि सीलंटचा मिसळलेला वास! थोडा रंगासारखा, थोडा तापलेल्या डांबरासारखा, नाकात शिरला की कपाळापर्यंत चढणारा. आत एक कारागीर गाडीच्या उघड्या चौकटीवर सीलंटच्या काळ्याभोर लगद्याची धार ओढत होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि देवळात उभं राहावं तसा उभाच राहिलो.

तुम्ही रोज गाडीत बसता, समोरच्या काचेतून सगळं जग पाहता. पण ती काच तिथे कशाच्या आधारावर उभी आहे, हे कधी मनात आलं आहे का? पूर्वी ती रबराच्या खाचेत बसवलेली असायची. मग पेस्टिंगच्या काचा आल्या आणि ना खिळा, ना स्क्रू, केवळ बोटभर जाडीच्या एका काळ्या धारेवर एवढी मोठी काच गाडीशी एकजीव होऊ लागली. घाटातले हादरे, समोरून येणारा वारा, उन्हाळ्यातला पत्र्याचा ताप, सगळं ती धार निमूट सोसते. आणि ती घट्ट कशाने होते म्हणता? हवेतल्या ओलाव्याने! ज्या ओलाव्याने भिंती फुगतात, लोखंड गंजतं, पापड सादळतात, तोच ओलावा पिऊन हे सीलंट हळूहळू बळकट होत जातं. नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात त्याला वेळ लागतो, पावसाळ्यात ते लवकर धरतं. आयुष्यभर हे काम करूनही या गोष्टीचं नवल माझ्या मनातून कधी ओसरलं नाही. दोन परक्या वस्तू, एक काच आणि एक पत्रा, ओल्या हवेच्या साक्षीने एकमेकींना कायमच्या धरून बसतात. याला चमत्कार म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

भिवा माझा भागीदार. मूळचा पेठकडच्या डोंगरातला, नागली-भाताच्या घरातला. नाशकात द्वारका चौकाच्या पुढे आमचं काच बसवायचं छोटं दुकान होतं. सगळी कामं आम्ही दोघे मिळून करायचो, पण सीलंटची धार ओढायची ती भिवानेच. गन त्याच्या हातात आली की त्याचा श्वास बदलायचा. चौकटीच्या एका कोपऱ्यातून निघालेली धार चारी बाजू फिरून परत जिथून निघाली तिथे येऊन मिळायची, आणि मिळाली कुठे ते शोधून सापडायचं नाही. पहाटेचा डोंगर जसा एका रेषेत दिसतो, कुठेही न खोडलेला, तशी ती धार. मी शेजारी उभा राहून ती पाहायचो आणि दर वेळी मला वाटायचं, या माणसाच्या मनगटात कोणी बसलं आहे.

जुनी काच काढताना मात्र दोघे लागायचे. पोलादी तार सीलंटमधून आरपार ओवायची, एकाने गाडीत बसून एक टोक धरायचं, दुसऱ्याने बाहेरून दुसरं, आणि करवतीसारखी आलटून पालटून ओढायची. मध्ये काच असायची. आवाज पोचायचा नाही, पण तारेच्या ताणावरून मला कळायचं की भिवा दमला आहे, की हसतो आहे. किती माणसांशी आपलं असं नातं जुळतं?

या कामाचे दोन नियम. सीलंट धरावं म्हणून प्रायमर लावलेल्या काठाला उघडं बोट लावायचं नाही. त्वचेचं तेल लागलं की सीलंट तिथे धरत नाही. आणि काच बसवल्यावर एक खिडकी थोडी उघडी ठेवायची, कारण बंद गाडीचं दार आपटलं तर आतली हवा कोवळ्या काचेला बाहेर ढकलते. भिवा गिऱ्हाइकांना दमात घेऊन सांगायचा, "शेठ, गाडी आताच बाळंत झालीय. दार आपटू नका, नायतर पोर उठंल!" लोक हसायचे, पण दार हळूच लावायचे.

एका वर्षी दसऱ्याला एक भाड्याची गाडी आली. ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी पहाटे माणसं घेऊन वणीला देवीच्या गडावर जायचं होतं. नवी काच स्टँडवर उभी होती, काठावर प्रायमर लावून झाला होता. भिवा झेंडू आणायला गेला. दसऱ्याला हत्यारांची पूजा आमच्याकडे चुकायची नाही. मी समईत तेल घातलं आणि त्याच हाताने कुंकवात बोटं बुडवून गन, सुरी, तार, काच उचलायचे रबरी चोषक, सगळ्यांवर बोटं ओढत गेलो; आणि त्या तंद्रीत हात स्टँडवरच्या काचेकडेही गेला. वरच्या काठावर दोन्ही कोपऱ्यांना पाच-पाच बोटं उमटली. तेलकट, लाल, ठसठशीत.

मला कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. पुसून, काठ साफ करून पुन्हा प्रायमर लावायला हवा होता. पण दसऱ्याच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसायचं? माझा हात उचलला गेला नाही. काचेच्या काठाच्या काळ्या पट्टीवर ते फारसं दिसतही नव्हतं. शुभ दिवस आहे, कुंकवाने काय वाईट होणार, असं मनाला समजावून मी काच चटकन आडवी केली. भिवा आला, झेंडूची माळ गाडीला घातली, चौकटीवर आपली धार ओढली. मग दोघांनी मिळून माझी बोटं त्या धारेवर दाबून बसवली.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. गडाच्या घाटात काच वरून सुटली होती, वारा आत शिरला, ड्रायव्हर दचकला, गाडी कठड्याला घासून थांबली. कोणाला लागलं नव्हतं. ड्रायव्हर मात्र रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय भिवाशेठ, काच लावली व्हती का टिकली? खाली दरी व्हती दरी! आत लेकरं व्हती!"

भिवाने पोलादी तार उचलली. तार ओवून तो आत बसला, मी बाहेर. काच सुटली, आणि बाहेरच्या बाजूने मला ती दिसली: सीलंटच्या काळ्या गुळगुळीत पाठीवर लाल बोटं. जशीच्या तशी! त्या लगद्याने माझ्या हाताचा ठसा किती इमानाने जपून ठेवला होता! भिवा दार उघडून बाहेर येईपर्यंत मी सुरीने तो थर खरवडून काढला.

"काय झालं व्हतं, नाना?" त्याने विचारलं.

"धार तुटली असंल कुठंतरी," मी म्हणालो.

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. रागावला नाही, वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "मला कळलं कसं नाय?"

त्या दिवसापासून त्याची धार बदलली. मध्येच थांबायची, जाड व्हायची, कोपऱ्यात थरथरायची. ओढून झाली की तो तीच जागा पुन्हा पुन्हा तपासत बसायचा. एक दिवस त्याने गन माझ्या हातात दिली. "तूच वढ, नाना. माझ्या हाताचा भरोसा नाय राह्यला. कोणाची लेकरं असतात आत." दिवाळी झाल्यावर तो पेठला गेला, तो परत आलाच नाही. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, त्याला शेती बघायची होती. बघा ना, जे सीलंट भल्या मोठ्या काचा धरून ठेवतं, ते ओढणाऱ्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी एका वाक्याने सोडवून टाकला.

खूप वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, मी त्याच्याकडे गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तो ओट्यावर बसला होता, सुकलेला, पण डोळे तेच. "आरं नाना, तू अजून जिता हाय व्हय?" म्हणून मोठ्याने हसला. चहा झाला, नागलीची भाकरी झाली. मग उठून तो माझ्या गाडीपाशी गेला आणि काचेच्या कडेवरून बोट फिरवत चारी बाजू हिंडला. "लय ग्वाड बसवलीय. कोणाचा हात?" मी नाशिकच्या एका कारागिराचं नाव सांगितलं. "माझा हात बी असाच व्हता की रं," तो म्हणाला, "मग काय झालं कोण जाणे."

मी म्हणालो, "थंडी फार आहे यंदा."

निघताना त्याने माझ्या बाजूची खिडकी थोडी खाली करायला लावली, मगच दार लावलं. हळूच, हाताने दाबून. गाडीची काच जुनी होती, कधीच घट्ट झालेली. त्याची सवय मात्र तशीच ओली होती.

पावसाळ्यात त्याचा मुलगा फोनवर म्हणाला, बाबा गेले.

परवा त्या गॅरेजसमोर उभा होतो तेव्हा कारागिराची धार फिरत फिरत पहिल्या कोपऱ्याशी आली आणि सांधा न दिसता मिळून गेली. सीलंटच्या वासाने डोळे चुरचुरले. त्याने वर पाहून विचारलं, "काय पाहिजे, बाबा?" मी मान हलवली. जे सांगायला हवं होतं ते पेठच्या रस्त्याने मी एकदा नेलं होतं आणि तसंच परत आणलं होतं: भिवा, तुझी धार कुठेच तुटली नव्हती. ती बोटं माझी होती. मला माफ कर, गड्या.