सरांचा डावा पाय

गायकवाड सर फळ्याजवळ फार वेळ थांबत नसत. आकृती काढून झाली की दारात येत आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून जीवशास्त्र शिकवत. भूकंपात त्यांची बायको आणि दोन्ही मुली घराच्या माळवदाच्या मातीखाली गेल्या होत्या. सर तेव्हा पेपर तपासायला लातुरात आले होते, म्हणून वाचले.

मी इस्लापूरहून लातूरला त्यांच्या शिकवणीला आलो. आमच्या घरात दहावीपुढं कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळं प्रश्न विचारायची मला भीती वाटायची. इतर पोरं मात्र धीट होती.

"सर, बसा की. खुर्ची चावती का?"

"खुर्चीत बसलं की माणूस मुख्याध्यापक होतो रे. नको."

रक्त गोठण्याचा धडा त्यांच्या विशेष आवडीचा. म्हणायचे, "रक्त लई शहाणं. जखम झाल्याबिगर गोठत न्हाई."

बारावीच्या वर्षी त्यांचा डावा पाय सुजला. उभं राहून सुजला असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. शिकवणीच्या पत्र्याच्या शेडमागंच सरांची खोली होती. मी एका संध्याकाळी भीतभीत विचारलं, "सर, पाय चोळून देऊ का?" सरांनी सुजेवर एकदा बोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, "दे."

आमच्याकडं आजोबांचा पाय दुखला की कोमट तेलानं पोटरी रगडतात. मी तसंच केलं, आठ दिवस. माझ्या हातून सरांची सेवा होतेय, याचा मला अभिमान वाटत होता. सर डोळे मिटून बसत. कधी मुलींबद्दल बोलत. वर्गात ते त्यांचं नावही काढत नसत.

नवव्या दिवशी शिकवताना सरांना एकदम धाप लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाय कुणी चोळला?" मी हात वर केला. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. गुठळी कशानं झाली ते शोधताना स्वादुपिंडाचा कर्करोग सापडला.

सर थोडे सावरल्यावर मला म्हणाले, "लेकरा, मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. जखमेपाशी जे प्रथिन उघडं पडून रक्ताला गोठवतं, तेच ह्या पेशी आपल्या अंगावर घेऊन बसतात. जखम नसतीच. रक्त बिचारं फसतं."

मी रडत म्हणालो, "सर, चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं."

"मला होतं की. एकच पाय सुजला तर गुठळीचा संशय धरावा, चोळू नये. पहिल्याच दिवशी मनात आलं होतं."

"मग थांबवलं काहून न्हाई?"

सरांनी पायावरची चादर सारखी केली. "लई वर्षांनी कुणी पायाला हात लावला बाबा. न्हाई म्हणवंना."

दोन महिन्यांनी सर गेले. माझी तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. त्याला येऊ देऊ नका, असं त्यांनी पोरांना बजावून ठेवलं होतं.

आता मी नांदेडला डॉक्टरकी शिकतोय. वॉर्डात एकच पाय सुजलेला माणूस आला, की चोळू नका, हे मी आधी सांगतो. मग त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून घेतो आणि विचारतो, घरी कोण कोण असतं?